बुटात मुरलेली ओल

बरेच दिवस कपाटात पडून असलेला चामडी बूट बाहेर काढला की त्याच्यावर पांढरट थर दिसतो आणि हात आपोआप फडक्याकडे जातो. पुसण्याआधी जरा थांबायला हवं. हा थर तीन वेगवेगळ्या गोष्टींपैकी कुठलाही असू शकतो आणि तिन्हींवरचा इलाज निराळा आहे.

पहिली परीक्षा उबेची. हेअर ड्रायर मंद ठेवून वीतभर अंतरावरून त्या जागी अर्धा मिनिट गरम वारा द्यावा. थर वितळून दिसेनासा झाला तर ती चामड्यातलीच चरबी. चामडं मऊ राहावं म्हणून ते कमावल्यानंतर त्यात तेलं मुरवतात. गारठा पडला की त्या तेलांतली स्टिअरिक, पामिटिक अशी घट्ट आम्लं पृष्ठभागावर येऊन गोठतात. त्यांचा काही त्रास नाही, कोमट असतानाच मऊ कापडानं पुसून घ्यावीत. दुसरी परीक्षा पाण्याची. ओलसर कापडाचं टोक टेकवताच थर विरघळला, आणि चामडं वाळल्यावर त्याच जागी नागमोडी रेघ उमटली, तर ते मीठ आहे. एकतर घामाचं, नाहीतर बाहेरच्या पाण्यातून आलेलं. ते पुसून भागत नाही. पुन्हा पुन्हा ओलसर कापड दाबून ते वर ओढून घ्यावं लागतं. आणि थर उबेनं वितळला नाही, पाण्यानं विरघळला नाही, बोट फिरवल्यावर नुसता फासला गेला आणि नाकाला कुबट वास आला, तर ती बुरशी. ती पसरतेही ओळखू येईल अशीच. सपाट भागावर सुटे गोल ठिपके असतात. शिवणीच्या कडेनं, जिभेच्या खाली आणि टाचेच्या अस्तरात मात्र ती दाट असते. साध्या भिंगातून पाहिलं तर उभे राहिलेले तंतू दिसतात.

लेस ओवायच्या पितळी कड्यांभोवती कधी हिरवा, मेणचट गोळा जमतो. तोही बुरशी वाटतो, पण तो पितळेतलं तांबं आणि चामड्यातली चरबी यांचा संयोग असतो. लाकडी काडीनं खरवडून काढावा आणि त्या भागाला तेल लावणं थांबवावं.

आता खऱ्या बुरशीकडे. अ‍ॅस्परजिलस, पेनिसिलियम, ट्रायकोडर्मा या जातींचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात. ते घरात येऊच नयेत अशी सोय करता येत नाही. त्यांचं खाद्य म्हणजे बूटच, तोही काढून टाकता येत नाही. राहता राहिलं पाणी, आणि माझ्या मते पादत्राणं टिकवण्याचा सगळा प्रश्न शेवटी इथेच येऊन ठेपतो. हवेची सापेक्ष आर्द्रता 65 टक्क्यांच्या खाली असेल तर चामड्यावर सहसा काही उगवत नाही. ती 75 च्या वर गेली आणि दिवसेंदिवस तिथेच राहिली की बुरशी धरते. जिवाणूंना याहून पुष्कळ जास्त ओल लागते, जवळजवळ भिजलेलं चामडं लागतं. म्हणून नुसत्या सादळलेल्या बुटावर बुरशी येते, आणि ओल्या मोज्यांसकट रात्रभर पडलेल्या बुटाला आंबूस वास मारतो तो जिवाणूंमुळे.

आर्द्रतामापक खोलीच्या मधोमध ठेवून निर्धास्त होऊ नये. थंड भिंतीला चिकटून असलेल्या कपाटाच्या खालच्या कोपऱ्यात हवा खोलीपेक्षा गार असते. तेवढ्याच बाष्पाची गार हवा जास्त दमट ठरते. खोलीत 60 टक्के दिसत असताना त्या कोपऱ्यात 75-80 सहज असू शकते, आणि बूट ठेवायची जागा बहुतेक वेळा नेमका तोच कोपरा असतो. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढणं आणि बूट तळाच्या फळीऐवजी जाळीवर ठेवणं, या दोन गोष्टींनी जेवढा फरक पडतो तेवढा कुठल्याही फवाऱ्यानं पडत नाही.

कमावलेलं चामडं कुजत नाही, हे अर्धंच खरं आहे. कच्चं कातडं काही तासांत सडायला लागतं. म्हणून सोलल्याबरोबर त्याला भरपूर मीठ लावतात. त्या मिठातही वाढणारे, मीठच मानवणारे सूक्ष्मजीव आहेत. कातड्यावर तांबूस डाग दिसले तर ते त्यांचे. कमावताना क्रोमियमचे क्षार किंवा झाडांच्या सालींमधलं टॅनिन कोलॅजनच्या, म्हणजे कातडं ज्या प्रथिनाचं बनलेलं असतं त्याच्या, तंतूंना एकमेकांशी जखडून टाकतं, त्यामुळे जिवाणूंच्या विकरांना (एन्झाइमना) तिथे शिरकाव मिळत नाही. मात्र त्याच चामड्यात मुरवलेली तेलं, सालीच्या अर्कासोबत आलेली साखर, वरच्या मुलाम्यातली प्रथिनं हे सगळं मोकळंच असतं. बुरशी आधी त्यावर जगते. म्हणून वनस्पतिजन्य टॅनिनचं चामडं क्रोम चामड्यापेक्षा लवकर बुरसटतं, आणि भरपूर तेल पाजलेला बूट कोरड्या बुटाच्या आधी. नीट्सफूट तेल, चरबी, मिंक तेल अशी प्राणिज तेलं बुरशीला आयतं जेवण ठरतात. मेण आणि सिलिकोन तिला फारसे उपयोगी पडत नाहीत. दमट दिवसांत बुटाला तेल अगदी बेतानं, तेही चामडं खरंच कोरडं पडलं असेल तेव्हाच लावावं, असं मी आग्रहानं सांगेन.

बूट म्हणजे एकटं चामडंही नव्हे. पायाखालच्या इनसोलच्या खाली बहुतेक बुटांत दाबलेल्या लगद्याचा पुठ्ठा असतो, म्हणजे मुख्यतः सेल्युलोज, कापसात असतं तेच वनस्पतींचं तंतुद्रव्य. पोकळ जागेत बुचाचा भुगा भरलेला असतो. जुन्या पद्धतीच्या बांधणीत टाचेचा कडक भाग पिठाच्या किंवा स्टार्चच्या खळीनं घट्ट केलेला असतो. लोखंडी खिळे असतील तर ओलीनं ते गंजतात. टॅनिनशी लोखंडाची गाठ पडली की चामडं काळं पडतं आणि खिळ्याभोवती ठिसूळ होतं. आणि शिवणीला सुती दोरा असेल तर सगळ्यांत आधी तोच जातो.

तळव्याला वरचा भाग जिथे शिवलेला असतो ती कड एकदा जवळून पाहा. टाका चामड्यात जिथे आत जातो तिथे सुईचं बारीक भोक असतं. पाणी या भोकात शिरतं, दोऱ्याच्या पिळातून केशाकर्षणानं आत ओढलं जातं आणि बाहेरचं चामडं कोरडं दिसत असतानाही भोकाच्या आत ओल टिकून राहते. माती तिथेच अडकते आणि मातीत सेल्युलोज खाणाऱ्या बुरशा भरपूर असतात. दोरा वरून शाबूत दिसतो. टोकदार टाचणीनं टाका हलकेच उचलला तर चांगला दोरा ताण धरतो, कुजलेला मऊ पडून केसाळ होऊन तुटतो. पूर्वी लिननचा दोरा मेणात आणि राळेत घोळून वापरत, ते हे भोक बुजावं आणि पाणी आत ओढलं जाऊ नये म्हणून. आज पॉलिएस्टरचा जोडपिळी दोरा कुजत नाही, पण भोक तसंच राहतं. म्हणून तिथे मेण घासायची जुनी सवय अजूनही सोडू नये.

सुती कापड किती झपाट्यानं जाऊ शकतं याचा मोठा धडा दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकच्या बेटांवर मिळाला. अमेरिकी सैन्याचे तंबू, पट्टे, बूट, सगळंच तिथल्या उष्ण दमट हवेत फार लवकर सडत होतं. सॉलोमन बेटांपैकी बुगनव्हिलवर सडलेल्या सुती कापडातून एक बुरशी वेगळी काढण्यात आली. क्यूएम 6ए या नावानं ती जपून ठेवली गेली आणि पुढे एल्विन रीस या शास्त्रज्ञाच्या नावावरून तिला ट्रायकोडर्मा रीसेई म्हणू लागले. सेल्युलोज फोडणारी विकरं ती इतक्या मोठ्या प्रमाणात बाहेर टाकते की आज कापड उद्योगासाठी आणि काडीकचऱ्यापासून इथेनॉल करण्यासाठी ती मुद्दाम वाढवली जाते. सैन्यानं कापडावर तांब्याची संयुगं चढवली, कॉपर नॅफ्थनेट हे त्यातलं प्रसिद्ध. त्यानं कापड हिरवट होतं आणि त्याला वासही येतो. पण व्हिएतनाम युद्धाच्या काळातल्या जंगल बुटांत जे केलं ते मला जास्त मोलाचं वाटतं. घोट्याभोवतीचा भाग चामड्याऐवजी लवकर वाळणाऱ्या कापडाचा केला आणि तळव्याजवळ, पायाच्या आतल्या बाजूला जाळी लावलेली दोन छिद्रं ठेवली. पाणी आत येणारच हे मान्य करून ते बाहेर कसं जाईल याचा विचार केला.

आतून येणारं पाणी मात्र कुठल्याही छिद्रानं थांबत नाही. घामाच्या ग्रंथी तळव्यावर अतिशय दाट असतात. ताजा घाम किंचित आम्लधर्मी असतो. जिवाणू त्यातला युरिया फोडून अमोनिया तयार करतात आणि तोच घाम अल्कधर्मी होतो. म्हणून घामाचा परिणाम तपासताना प्रयोगशाळेत 5.5 आणि 8 अशा दोन पीएचची (7 च्या खाली आम्ल, वर अल्क) कृत्रिम द्रावणं वापरतात. क्रोम चामड्याचा स्वतःचा पीएच 4 च्या आसपास असतो. अल्कधर्मी घाम, मीठ आणि लॅक्टिक आम्ल मिळून कमावण्याची पकड हळूहळू सैल करतात. मग इनसोल आधी काळा, कडक होतो आणि बोटांच्या मुळाशी तडकतो. त्वचेवरचे स्टॅफिलोकोकस ल्युसिन या अमिनो आम्लापासून आयसोव्हॅलेरिक आम्ल बनवतात, पायांचा तो ओळखीचा वास त्याचाच. खाण्याचा सोडा टाकला की वास जातो, कारण आम्ल मारलं जातं. पण तो चामड्यात राहिला तर पीएच आणखी वर नेतो. सोडा सुट्या कापडी इनसोलवर ठीक आहे, चामडी अस्तरावर टाकू नये.

वॉटरप्रूफ पापुद्रा असलेले बूट या बाबतीत फसवतात. पाऊस बाहेर राहतो, पण आतला घाम आणि वरून शिरलेलं पाणी बाहेर पडायला वाट फार कमी. असा बूट साध्या बुटाच्या दुप्पट वेळ वाळवावा लागेल असं धरूनच चालावं.

बुरशीनाशकांबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण इथे विश्वास फार आणि माहिती कमी असते. क्रोमनं कमावलेलं ओलं निळसर कातडं निम्म्याहून जास्त पाणी धरून असतं आणि त्याच अवस्थेत ते जहाजानं दूरवर जातं. बुरशीनाशकाशिवाय ते पोहोचणारच नाही. पूर्वी यासाठी पेंटाक्लोरोफिनॉल वापरत. ते स्वस्त आणि प्रभावी होतं, पण शरीरात आणि मातीत टिकून राहणारं विषही होतं. जर्मनीनं 1989 मध्ये त्यावर बंदी घातली आणि इतर देशांतही ते मागे पडलं. आता टीसीएमटीबी, ऑक्टिल आयसोथायाझोलिनोन, ऑर्थो फिनाइल फिनॉल अशी द्रव्यं बेताच्या मात्रेत वापरतात. त्यांचं काम प्रवासापुरतं असतं. तयार बुटात त्यांचा अंश उरतो, पण घामानं, पाण्यानं, उन्हानं तो कमी कमी होत जातो. नवा बूट पहिल्या वर्षी बुरसटत नाही आणि तिसऱ्या वर्षी तोच, त्याच कपाटात बुरसटतो, यामागे हे एक मोठं कारण.

डायमिथाइल फ्युमरेटचं प्रकरण आणखी बोलकं आहे. बुटांच्या खोक्यांत आणि सोफ्यांत या पावडरीच्या पुड्या ठेवत. ती उबेनं वाफ होऊन चामड्यात भिनते आणि बुरशी रोखते. वापरणाऱ्यांच्या अंगावर भाजल्यासारखे चट्टे उठू लागले तेव्हा कारण उघड झालं. युरोपीय संघानं 2009 मध्ये ती वस्तूत किलोमागे 0.1 मिलिग्रॅमपेक्षा जास्त असायला बंदी केली. खोक्यात नाव-गाव नसलेली, उग्र वासाची पुडी सापडली तर ती फोडू नये, टाकून द्यावी. अस्तरातल्या चांदीच्या किंवा झिंक पायरिथिऑनच्या लेपाचा वासावर उपयोग होतो, तोही धुण्यागणिक उतरत जातो. ओल्या बुटात कोणताही लेप फार दिवस तग धरत नाही.

तेव्हा वाळवणं. भिजलेला बूट घरी आला की लेस पूर्ण काढावी, जीभ पुढे ओढून बूट उघडा करावा, इनसोल सुटा असेल तर बाहेर काढून वेगळा ठेवावा. चिखल ओला असतानाच ओल्या फडक्यानं पुसावा, कारण वाळलेला चिखल शिवणीतलं पाणी धरून ठेवतो. मग छपाई नसलेला कागद चुरगळून चवड्यापर्यंत सैलसर भरावा. कोंबून भरला तर हवा खेळत नाही. पहिला कागद तासाभरात बदलावा, दुसरा आणखी दोन-तीन तासांनी. बहुतेक पाणी या दोन कागदांतच निघतं, आणि लोक नेमका पहिलाच कागद रात्रभर तसाच ठेवतात. त्यानंतर बूट कुशीवर आडवा ठेवावा, म्हणजे तळव्यालाही वारा लागतो. समोर पंखा लावावा. उष्णता 40 अंशांच्या वर नको. ओल्या, टॅनिननं कमावलेल्या चामड्याचे तंतू 75 अंशांच्या आसपास आक्रसतात, आणि हीटरला टेकलेल्या बुटाचं टोक तिथवर सहज पोहोचतं. शिवाय वरचा भाग भराभर वाळून कडक होतो, आतला पुठ्ठा ओलाच राहतो. चामडी बुटाला पूर्ण वाळायला एक ते दोन दिवस लागतात. रोज एकच जोड घालणाऱ्याचा बूट कधीच पुरता वाळत नाही. दोन जोड आलटून पालटून वापरले तर दोन्ही मिळून दुपटीपेक्षा जास्त काळ टिकतात, असं मला ठामपणे वाटतं.

बुरशी आलीच असेल तर बूट घराबाहेर न्यावा आणि तोंडाला मास्क लावावा. कोरडा ब्रश आत फिरवला की बीजाणू शेजारच्या सगळ्या बुटांवर जाऊन बसतात. आधी किंचित ओलसर कापडानं थर उचलून घ्यावा आणि ते कापड टाकून द्यावं. मग 70 टक्के आयसोप्रोपाइल अल्कोहोल कापडावर घ्यावं, बुटावर थेट ओतू नये. 99 टक्क्यांचं अल्कोहोल जास्त चांगलं वाटतं, पण ते क्षणात उडून जातं आणि पेशी मारायला लागणारं पाणीही त्यात नसतं. जिभेच्या मागे एका ठिपक्यावर आधी लावून पाहावं. रंग कापडावर उतरला तर त्यात तेवढंच पाणी मिसळून सौम्य करावं. अस्तर, शिवण, जिभेचे सांधे हे सगळं पुसून काढावं. अल्कोहोलनं वाढती बुरशी मरते, सगळे बीजाणू मरत नाहीत, म्हणून नंतरचं वाळवणं सोडून चालत नाही. ब्लीच चामड्याला कधीही लावू नये; ते कोलॅजन फोडतं आणि नायलॉनचा दोराही कमजोर करतं. बूट फ्रीजरमध्ये ठेवल्यानं जंतू मरत नाहीत, फक्त थांबतात. डांबराच्या गोळ्या किड्यांसाठी असतात, बुरशीला त्यांचा भरवसा धरू नये. उन्ह दाखवणं चांगलं, पण तासभर आणि शक्यतो कोवळं. कडक उन्हात चामड्याचा रंग उडतो आणि चिकटवलेला तळवा सुटू लागतो.

साठवणुकीत सगळ्यात जास्त गैरसमज सिलिका जेलच्या पुडीबद्दल आहे. हिशोब करून पाहा. बुटाच्या खोक्यात साधारण 10 लिटर हवा असते. 30 अंशांना 80 टक्के आर्द्रतेच्या तेवढ्या हवेत पाव ग्रॅमच पाणी असतं. 2 ग्रॅमची पुडी ते आरामात पिते. पण एक किलो चामड्याच्या जोडात ओल 16 टक्क्यांवरून 12 वर आणायची तर 40 ग्रॅम पाणी काढावं लागतं. मध्यम आर्द्रतेला सिलिका जेल स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याएवढं पाणी धरतं, म्हणजे जवळपास 200 ग्रॅम जेल लागेल. तात्पर्य, ओला बूट पुडी टाकून बंद करणं म्हणजे बुरशीला बंद खोली देणं. बूट आधी दोन दिवस वाऱ्यावर वाळवावा, आत मुलामा न दिलेल्या लाकडाचा साचा घालावा, मग कापडी पिशवीत ठेवावा. प्लास्टिकची पिशवी नको. जेल वापरायचंच तर नारिंगी रंग बदलणारं घ्यावं, निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं. रंग बदलला की 110 ते 120 अंशांना दोन तास तापवून ते पुन्हा कामाला येतं.

एक गोष्ट बुरशीच्या खात्यावर नाहक मांडली जाते. न वापरलेल्या बुटाचा तळवा काही वर्षांनी हातात घेताच चुरा होऊन पडतो. पॉलिएस्टर जातीच्या पॉलियुरेथेनमधले एस्टर बंध हवेतल्या बाष्पानं तुटतात आणि त्यातून निघालेलं आम्ल पुढची तोडफोड वाढवतं. याला औषध नाही, उष्ण दमट जागा टाळून ते लांबवता येतं एवढंच. पॉलिइथर जातीचं पॉलियुरेथेन आणि रबर याला पुष्कळ चांगलं तोंड देतात. वरचा भाग धड असेल तर तळवा बदलून घेता येतो.

तळवा बदलायला दिलाच, तर कारागिराला आणखी दोन गोष्टी सांगाव्यात. बूट उघडा असताना आतला पुठ्ठा अंगठ्यानं दाबून पाहायला सांगावं. खड्डा पडून तसाच राहिला तर तो पुठ्ठा बदलून घ्यावा, कारण बुरसटलेल्या पुठ्ठ्यावर नवा तळवा चढवला की ओल आणि बीजाणू दोन्ही नव्या जोडणीखाली बंद होतात. आणि कडेची शिवण सुती दोऱ्याची असेल, तर जिथे तुटली तेवढीच न शिवता सबंध उसवून मेण दिलेल्या पॉलिएस्टर दोऱ्यानं नव्यानं घालून घ्यावी.